कापडाचं टोक

विहाराच्या पायरीवर चपला काढताना केतकीने सुमतीबाईंना पुन्हा बजावलं, "आई, इथे बाईमाणसाने भिक्षूला शिवायचं नसतं. दादालासुद्धा नाही हं."

बँकॉकला नोकरीसाठी गेलेला मुलगा दोन वर्षांनी समोर बसला होता, तो भगव्या चीवरात. त्याचं मुंडण पाहून सुमतीबाईंना वाटलं, आई जिवंत असताना हे काय?

त्यांनी लाडवांचा डबा पुढे केला, तर त्याने जमिनीवर पिवळं कापड अंथरलं. एक टोक हातात धरून तो म्हणाला, "यावर ठेव, आई."

डबा ठेवून, आता हा पाया पडेल म्हणून त्यांनी आशीर्वादाला हात उचलला. तो हललासुद्धा नाही; भिक्षू आईच्याही पाया पडत नाही, हे केतकीने सांगितलंच नव्हतं.

उचललेल्या हाताचं काय करावं, त्यांना कळेना. गोंधळून त्यांनी कापडाचं अलीकडचं टोक धरलं.

त्याने आपलं सोडलं नाही.