मांडीवरची थाप

"तो वळण्याआधी उजव्या मांडीवर थाप मारतो. थाप मारली की घोटा धर. तोपर्यंत हलायचं नाही," टाइमआउटमध्ये गावंड सरांनी कोपऱ्यावरच्या परेशला बजावलं. कबड्डी लीगच्या उपांत्य सामन्यात त्यांच्या संघाकडे एका गुणाची आघाडी होती आणि समोरच्यांच्या मुख्य चढाईपटूची एकच चढाई बाकी होती. हरलात तर नवा प्रशिक्षक आणू, असं संघमालकांनी सकाळी नाश्त्यालाच सांगितलं होतं.

"सर, आम्ही त्याच्या दहा मॅच बघितल्या. आम्हाला कशी नाही दिसली थाप?"

"जा, पाणी पी."

बारा वर्षांपूर्वी गावंड स्वतः याच लीगचे सर्वांत गाजलेले चढाईपटू होते. अंतिम सामन्यातल्या शेवटच्या चढाईत त्यांची पकड झाली आणि चषक गेला. मॅटवर घाम सांडला होता, पाय घसरला, असं त्यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं. पुढे प्रत्येक मुलाखतीत तेच सांगितलं.

चढाईपटू आत आला, डावीकडे झुकला. थाप पडली. परेशनं घोटा धरला आणि बाकीचे त्याच्यावर कोसळले. गावंडांची नोकरी वाचली.

सामन्यानंतर तो चढाईपटू लंगडत आला आणि गावंडांच्या पाया पडला. "सर, तुमच्या जुन्या चढाया बघूनच शिकलो. मांडीवरची थापसुद्धा तुमचीच."

परेशनं सरांकडे पाहिलं. "म्हणजे त्या फायनलला तुम्हीपण..."

"छे," गावंड म्हणाले. "माझा पाय घसरला होता."