रंग ओला आहे तोवर

तिने चादरींच्या गाठी सोडल्या आणि पाचही चित्रं भिंतीला टेकवून ओळीने उभी केली. खिडकीजवळच्या खुर्चीत सर बसले होते. त्यांनी चित्रांकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहून ते ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसे हसले.

"अहो, तुमची विद्यार्थिनी," काकू जरा मोठ्याने म्हणाल्या. "पदवीची सगळी वर्षं तुमच्याच हाताखाली होती. आता पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलाय तिने. चित्रकलेलाच. उद्या मुलाखत आहे."

"वा, वा," सर म्हणाले. "चहा घेतलात का तुम्ही?"

सरांनी तिला आजवर कधी अहोजाहो केलं नव्हतं. कार्टे म्हणायचे, फार खूश असले तर गधडे.

फोनवर काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "ये ना, त्यांना बरं वाटेल." अर्जासोबत पाठवलेले फोटो पसंत पडून तिचं नाव मुलाखतीच्या यादीत लागलं होतं. उद्या मूळ चित्रं परीक्षकांपुढे मांडायची होती. जागा मोजक्याच. त्याआधी चित्रं एकदा सरांच्या नजरेखालून जावीत, म्हणून एवढं ओझं घेऊन ती बसने आली होती. आता ते सगळं पुन्हा चादरीत बांधून गुपचूप निघून जावं, असं तिला वाटलं. पण काकू स्वयंपाकघरात गेल्या होत्या. ती त्यांच्यामागे गेली.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं." काकूंनी गॅस पेटवला. "नावं विसरतात, ते चालतं गं. माझंही विसरतात. पण रंगाला हात लावत नाहीत. मी रोज रंगांचं टेबल मांडून ठेवते. ब्रश हातात दिला की इकडून तिकडून बघतात आणि परत ठेवून देतात. या माणसाने, सांग बरं..." चहात साखर पडली की नाही, हे त्यांनी दोनदा चाखून पाहिलं.

दोघी कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा सर खुर्चीत नव्हते.

त्यांनी मधलं चित्र उचलून रंगांच्या टेबलाशेजारच्या इझलवर चढवलं होतं. तिचे बाबा आरशापुढे दाढी करतानाचं. अर्धा गाल साबणाने भरलेला, अर्ध्यावर ट्यूबलाइटचा उजेड. याच चित्रामुळे आपलं नाव यादीत लागलं, असं तिला मनोमन वाटत होतं. सरांच्या हातात ब्रश होता आणि त्या उजेडावर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा ओढलेला होता.

"सर!"

काकूंनी तिचं मनगट धरलं. "थांब," त्या कुजबुजल्या. "दोनच मिनिटं. पाया पडते तुझ्या."

सर मागे न बघता बोलले. आवाज थेट वर्गातला होता. "रंग असा लाजत लाजत काय लावतेस? नवी सून आहेस का घरात?"

तिला हसू फुटलं. हसता हसता तिच्या मनात आशा जागी झाली. वर्गात असंच व्हायचं. तिच्या मेलेल्या चित्रावर सर दोन फटकारे मारायचे आणि चित्र उठून बसायचं. ती श्वास रोखून त्या दोन फटकाऱ्यांची वाट बघत राहिली.

ब्रश गालावर फिरला, मग आरशावर, मग कानावर आणि पुन्हा गालावर. पांढरा, पिवळा, हिरवा मिसळत गेले. त्यांचा चिखल झाला. बाबांचा डोळा त्यात बुडाला, मग नाक. काकू चित्राकडे बघतच नव्हत्या. त्या सरांच्या हाताकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवटी सरांनी ब्रश खाली ठेवला. "आता बघ," ते दमून म्हणाले.

"हो, सर," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

काकू त्यांना हात धुवायला आत घेऊन गेल्या. लगेच परतल्या त्या टर्पेंटाईनची बाटली आणि जुन्या सदऱ्याचं फडकं घेऊनच.

"पूस. रंग ओला आहे तोवर निघेल ना?"

"पण काकू, सर..."

"हात धुऊन होईपर्यंत विसरतील ते. तुझी उद्याची मुलाखत आहे, बाळा. पूस म्हणते ना." फडकं तिच्या हातात कोंबून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तिने पुसायला घेतलं. चिखल सरसर निघाला. खालून कान आला, आरशाची कड आली. पण बाबांचा गाल तिने मागच्याच आठवड्यात पुन्हा रंगवला होता. तैलरंग तो; वरून सुकलेला दिसत होता, आत कोवळाच होता. फडक्याला गुलाबी रंग लागला. तिने हात हलका केला. गुलाबी येतच राहिला.

मागून कुणीतरी तिला नावाने हाक मारली.

सर दारात उभे होते. ओले हात तसेच पुढे धरलेले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फारच वाईट झालं होतं का गं?"

काकू खिडकीकडून वळल्या नाहीत. तिने मान वर केली नाही. टर्पेंटाईनचा ओघळ बाबांच्या हनुवटीवरून खाली उतरत होता. थांबली असती तर हनुवटीचाही रंग विरघळून गेला असता. ती पुसत राहिली.