वर्षातले माझे दहा अल्बम

ज्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही ते लोक याद्या छापतात. मी छापत नाही. वर्ष संपता संपता माझ्या आवडत्या दहा इंडी पॉप अल्बमची यादी वहीच्या कागदावर लिहितो आणि रेकॉर्डच्या दुकानवाल्या मित्राला नेऊन देतो. "कान असावा तर तुझ्यासारखा, लेका," म्हणत तो चहा पाजतो. नव्या वर्षाची ऑर्डर तो माझ्या यादीवरूनच ठरवतो. नंतर यातला एकही अल्बम दुकानात दिसत नाही, तेव्हा मी समजतो, हातोहात संपले.

या वर्षी पहिल्या नंबरवर माझ्या भाचीचा पहिलावहिला अल्बम होता. पोरीने स्वयंपाकघरात, फ्रिज बंद करून रेकॉर्ड केलेला. मामा म्हणून नाही टाकला, खरंच भारी आहे. दुकानाच्या काचेत लागला तर चार लोक ऐकतील, एवढाच माझा स्वार्थ.

मित्र बाहेर गेला होता, काउंटरवर वहिनी होत्या. त्यांनी यादी वाचली, ऑर्डरची वही उघडली आणि त्यात आधीच लिहिलेल्या भाचीच्या नावावर सरळ काट मारली.

"वहिनी, अहो, ती पहिल्या नंबरवर आहे!"

"म्हणून तर आधी तिलाच काढलं, भाऊजी. हे नेहमी म्हणतात, तुमच्या यादीवर आपलं दुकान तरलंय."

"मग काट कशाला?"

वहिनी कौतुकाने हसल्या.


"अहो, तुम्हाला आवडलेलं कधी खपतच नाही. बारा वर्षांत एकदाही चुकला नाहीत तुम्ही!"