त्यांचं कुलूप

"किल्ली द्या वहिनी, आम्ही कुलूप काढतो," कारखान्यातले डिसलेसाहेब दारातूनच म्हणाले.

"ज्यानं घातलं त्यानंच काढायचं, हा नियम तुमचाच ना? तीस वर्षं ऐकलाय. आता त्यांच्या जागी मी. चला."

आमच्या ह्यांच्या कारखान्यात खोटी वीज पाडून ट्रान्सफॉर्मर टिकतो का बघतात. ते यंत्र दुरुस्त करायला आत शिरण्याआधी प्रत्येकानं मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे कुणी चुकून चालू करत नाही. त्या दिवशी काम अर्धं राहिलं म्हणून कुलूप तसंच ठेवून हे घरी आले आणि पहाटे झोपेतच गेले. बाकीच्यांनी काम पुरं केलं, पण यंत्र पंधरा दिवस बंद. मला बरं वाटायचं. कुलूप आहे तोवर हे कामावरच आहेत.

कारखान्यात पोचलो. यंत्राच्या आत कुणी राहिलं नाही ना, म्हणून साहेबांनी स्विचपाशी नावं पुकारली. ज्याचं नाव येई तो "बाहेर" म्हणे. चार नावं झाली आणि वही मिटली.

"पाचवं गिळलंत? हे असते तर तुमची खरडपट्टी काढली असती."

साहेबांनी मान खाली घालून वाचलं, "मुरलीधर खैरमोडे."

घरीसुद्धा हे पहिल्या हाकेला ओ देतील तर शपथ.

"परत घ्या," मी म्हटलं.

त्यांनी परत घेतलं. मी यंत्राच्या जाळीकडे कान देऊन उभी राहिले.

मग किल्ली फिरवली. "बाहेर," मी म्हणाले.