पडद्यावरची नवरी

"काका, ढांगा टाकत पळणारी ही नवरी बाई आहे की बाप्या?"

मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "विचारून दाखव!" मग मी सिनेमाच्या भर तंबूत विचारलंच.

पडद्याशेजारी उभं राहून मुक्या चित्राची गोष्ट सांगणारे काका हसले. "बाप्याच की गं! खरी बाई मांडवातून पळेल होय? जाईल कुठं?"

तंबूभर हशा पिकला. मीही हसले. पण पंधरा दिवसांनी माझं लग्न होतं, शाळा सुटणार होती. पळायचं मीही रोज ठरवत होते; पण कुठं, ते मलाही सुचत नव्हतं.

घरी आई-नाना पत्रिकांना कुंकू लावत बसले होते.

"मी पळून जाणार नाही," मी म्हणाले. दोघं दचकले. "पण बोहल्यावर माझ्या पायांनी चढणारही नाही. उचलून न्यावं लागेल, सांगून ठेवते."