त्याचा वास

"वहिनी, आता पुरे करा," दीर म्हणाला. "दादा या इमारतीत नसेलच."

"मग तुमच्या दादाची स्कूटर काय आपल्या पायांनी चालत आली इथे?" ती करवादली आणि डब्यातल्या पुढच्या पतंगकिड्याची मिशी कापायला बसली.

काल सकाळी गावाबाहेर माल पोचवायचा म्हणून नवरा निघाला. दुपारी ही इमारत बसली. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला, की तुमची स्कूटर दारात चेपलेली सापडली आहे. कुणा गिऱ्हाइकाकडे वर गेला असणार, दुसरं काय? त्याचा फोन तेव्हापासून बंद होता.

फुटलेल्या जिन्याच्या पायरीवर तिनं आपला संसार मांडला होता. चिमटा, भिंग, जाळीच्या डब्यात पतंग आणि ती कामाला होती त्या प्रयोगशाळेतून न विचारता उचलून आणलेलं यंत्र. चोरी म्हणा हवं तर. नवरा ढिगाऱ्याखाली असताना बाई परवानगीचे अर्ज लिहीत बसत नाही.

नवऱ्याच्या कारखान्यात फळबागांच्या सापळ्यांसाठी मादी पतंगाचा वास तयार करत. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण अंगात मुरला की वर्षानुवर्षं जात नाही, आणि जवळ घेतलेल्या माणसालाही लागतो. नवरा दिव्याखाली उभा राहिला की नर पतंग हटकून त्याच्या शर्टावर येऊन बसत. "आले बघा तुमचे चाहते," असं ती चिडवायची. पहिली काही वर्षं तोही हसायचा.

नराची मिशी कापून दोन तारांमध्ये बसवली, की थोडा वेळ जिवंत राहते. तेवढ्यात मादीचा वास आला, तर पडद्यावरची रेघ उसळते. धूळ, गॅस, घाम, बाकी कशाला ती मिशी हिंग लावूनही विचारत नाही.

"पण बाई, तुमचाच वास लागला तर?" अग्निशमन दलाच्या प्रमुखानं सकाळीच विचारलं होतं. "घरात वावरता तुम्ही त्याच्या."

प्रश्न रास्त होता. तिनं यंत्राची नळी आधी स्वतःच्या तळहातावर धरली, मग गळ्यापाशी, मग केसांत. रेघ सपाट.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझी अडचण नाही."

दीर तेवढा वेळ दुसरीकडे बघत होता.

तेव्हापासून ती फटीफटीत नळी घालत हिंडत होती. एकेक मिशी वाळून जात होती आणि रेघ काही हलत नव्हती. हातपाय गाळून चालणार नव्हतं, पण ते गळतच होते. तो फक्त जिवंत सापडू दे, ती मनाशी म्हणत होती. मग काय वाटेल ते सोसेन.

"तुमच्यासारखाच एक पलीकडे आहे," प्रमुख म्हणाला. "कालपासून नुसत्या हातांनी विटा उपसतोय. बायकोला आम्ही दवाखान्यात पोचवलं, पोरगी अजून आत आहे. नखं गेली, पण गडी हटत नाही."

तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी दिरापुढे केलं. "भावजी, त्यांना नेऊन द्या."

दीर घुटमळला. मग बाटली घेऊन गेला.

शेवटचा पतंग उरला होता. तिनं त्याची मिशी बसवली आणि पडलेल्या टाकीखालच्या फटीत नळी सरकवली.

रेघ उसळली.

"इथे!" ती किंचाळली. "इथे खणा! इथेच आहेत हे!"

माणसं धावली. दीरही धापा टाकत परत आला. "वहिनी, यंत्राची चूक असेल. तुम्ही तंबूत बसा ना जरा."

ती जागची हलली नाही. जॅक लावून स्लॅब उचलला गेला. प्रमुख पोटावर सरपटत आत शिरला आणि ओरडला, "जिवंत आहे!"

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

बाहेर आली ती चारपाच वर्षांची एक पोर. खोकत होती, रडत होती.

"आणि आत?" तिनं प्रमुखाचा दंडच धरला. "आत अजून कोण आहे?"

"कुणी नाही बाई. टेबलाखाली हिच्यापुरतीच जागा होती."

तिनं पुन्हा फटीत नळी घातली. रेघ मंदावत गेली. पोरीला तिच्या शेजारून नेलं, तशी रेघ पडद्याबाहेर जाईल इतकी उसळली. संपलं, यंत्र बिघडलं, असं वाटून तिनं नळी खाली टाकली.

"पोरीच्या बापाला हाक मारा!" प्रमुख ओरडला.

दीर तिच्यासमोर आडवा उभा राहिला. "वहिनी, चला इथून. पाया पडतो तुमच्या."

ढिगाऱ्यावरून धडपडत एक माणूस धावत आला. धुळीनं पांढराफटक, बोटं रक्तबंबाळ. "बाबा!" पोरीनं हात पसरले. त्यानं तिला उराशी घट्ट धरलं, बाहीनं स्वतःच्या तोंडावरची धूळ पुसली, आणि समोर तिचा नवरा उभा होता.