खाडीपलीकडची आई

“साहेब, अजून किती वर्षं नुसती पाहणीच करणार?” काशीनाथने टेबलावर हात आपटला.

साहेबांनी चहा पुढे सरकवला. “फाइल वर गेलीय,” म्हणाले. गेल्या वेळीही वरच गेली होती!

मागणी काय आभाळाएवढी होती? भाईंदरच्या खाडीवर इंग्रजांच्या काळातला लोखंडी रेल्वे पूल. शेजारी नवा झाला, जुना ओस पडला. त्यावरून मोटारी सोडा, एवढंच. त्यासाठी समिती निघाली, काशीनाथ अध्यक्ष झाला. जेसल पार्कातल्या पहिल्याच सभेत, टाळ्यांच्या भरात, गडी माइकवर बोलून बसला, “शपथ घेतो! या पुलावरून मोटार जाईपर्यंत खाडी ओलांडणार नाही!” हार पडले, फोटो छापून आला. पलीकडे नायगावात, बहिणीकडे, आपली आई राहते याची आठवण घरी आल्यावर बायकोने करून दिली.

तेव्हापासून माय-लेक फोनवरच. रेल्वेने नायगाव म्हणजे पुढचंच स्टेशन. पण अध्यक्षच गाडीत दिसला तर समितीचं हसं होणार. आईही हट्टाला पेटलेली. “लेकाने आधी यायचं,” म्हणायची.

आज सकाळी बहिणीचा, सुलूचा फोन आला होता. “दादा, आईला ताप आहे. जेवत नाही. सारखं तुझंच नाव काढतेय. ये ना रे!”

“मीटिंग आहे गं. आज होईल काहीतरी.”

काय होणार, कपाळ! कचेरीतून बाहेर पडताच त्याने सुलूला फोन लावला. कोणी उचलेना. खड्ड्यात गेला तो पूल, म्हणत तो भाईंदर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. इतक्यात समितीचा गुणवंत समोर.

“अध्यक्ष, तुम्ही इथे? कुठे निघालात?”

“कुठे नाही. पाहुण्यांना सोडायला आलो होतो,” काशीनाथ म्हणाला आणि रांगेतून बाहेर पडला. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

तसाच चडफडत तो घरी आला. बायकोने दार उघडलं. आत कोचावर सुलूच्या खांद्याला टेकून आई बसली होती. जिने चढून धाप लागलेली, अंग तापलेलं.

“आई, तू? अशा तापात?”

तिने त्याचा हात धरून त्याला जवळ ओढलं.

“मग काय करू? शपथ तू घेतली होतीस. मी कुठे घेतली होती?”